पाडलेल्या घराचं चित्र काढून घ्यायचं आहे

प्रश्न: माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) डिसेंबरात पंचाहत्तर वर्षांचे होतील. गुहागरजवळच्या गावात आमचं कौलारू घर होतं. सहा वर्षांपूर्वी ते उतरवलं आणि त्याच जागी काकांनी स्लॅबचं घर बांधलं. अण्णा तेव्हा काही बोलले नाहीत, पण आजही बोलता बोलता ‘आपल्या पडवीत’ असं म्हणतात. त्या घराचं जलरंगातलं चित्र काढून घेऊन त्यांना द्यावं, असं मनात आहे. माझ्याकडे 1984 मधल्या एका मुंजीचा पडवीसमोरचा फोटो आहे, पण तो पार लालसर झाला आहे. गणपतीत काढलेला एक फोटो आहे, त्यात ओटी दिसते. घर उतरवायला घेतलं तेव्हा मोबाइलवर काढलेले दोन आहेत, त्यांत अर्धी कौलं निघालेली आहेत. गोठ्याकडची बाजू कुठल्याच फोटोत नाही. दादा म्हणतो, एवढा खटाटोप कशाला, ॲपवर फोटो टाक, दोन दिवसांत कॅनव्हास प्रिंट येईल. माझ्याकडे सात आठवडे आणि पंधरा हजार रुपये आहेत. चित्रकाराला नेमकं काय सांगू? चित्र हुबेहूब होईल का? आणि अण्णांना आधी कळू न देता हे जमेल का?
— एक मुलगी, चिंचवड

उत्तर: चित्र जरूर काढून घ्या. सात आठवडे पुरतात. मात्र पहिले दहा दिवस चित्रकार शोधण्यात घालवू नका, घर गोळा करण्यात घालवा. चित्रकाराने तुमचं घर पाहिलेलं नाही आणि आता त्याला ते पाहता येणारही नाही. तुम्ही जेवढं हातात द्याल तेवढंच चित्रात उतरेल. जे देणार नाही ती जागा तो त्याच्या मनातल्या कोकणातल्या घराने भरून काढेल: दोन माड, लालभडक कौलं, दारात तुळस, बाजूला विहीर. चित्र सुंदर दिसेल, अण्णा कौतुकही करतील, पण ते त्यांचं घर नसेल.

दादाच्या ॲपचीही अडचण हीच आहे. जिथे फोटो संपतो किंवा पुसट होतो तिथे ॲप स्वतःच्या मनाने भर घालतं. तीन खांबांचे चार होतात, गजाच्या खिडकीला काचा येतात, गोठ्याच्या जागी काहीतरी बाग उगवते. कॅनव्हास प्रिंट ही वस्तू वाईट नाही. घराचा एक जरी पूर्ण, स्वच्छ फोटो असता तर तोच दुरुस्त करून मोठा छापून घ्या असं आम्हीच सांगितलं असतं. इथे अख्खं घर एकाही फोटोत नाही. ते चार फोटोंतून, जागेवरच्या मापांतून आणि चार माणसांच्या आठवणींतून जुळवायचं आहे, आणि ते काम माणूसच करू शकतो.

आधी फोटो. मुंजीचा फोटो जुन्या चिकट पानांच्या अल्बममध्ये असेल तर ओढून काढू नका, वरचा थर पानाला चिकटून राहतो. पानासकट स्कॅन करा. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ सावलीत अल्बम सपाट ठेवा, वरचं प्लास्टिक अलगद उचला आणि बरोबर वरून, फ्लॅश न लावता फोटो काढा. स्कॅन 600 डीपीआयवर (म्हणजे इंचाला 600 ठिपके), रंगीत करा. साडेतीन बाय पाच इंचांच्या फोटोतून साधारण 2100 बाय 3000 पिक्सेल मिळतात, आणि खांबाच्या डोक्यावरचं कोरीव काम पाहायला तेवढे लागतात. चित्रकाराला व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. नेहमीसारखा फोटो पाठवला की तो दाबला जातो, आणि आधी निघून जातात त्या अशाच बारीक रेषा.

लालसरपणाचं कारणही चित्रकाराला सांगून ठेवा. त्या काळच्या रंगीत फोटोंमध्ये तीन रंगांचे थर असत. त्यातला निळसर थर अंधारात ठेवलेल्या अल्बममध्येही सगळ्यात आधी विरतो आणि मागे लाल-पिवळं उरतं. नवखा चित्रकार तोच रंग खरा धरतो, मग भिंत, माती, कौलं, आभाळ सगळं संध्याकाळी उजळल्यासारखं तांबूस होतं. रंग या फोटोवरून घ्यायचेच नाहीत, फक्त आकार घ्यायचे. मोबाइलच्या फोटोंचं उलट आहे. त्यांत रंग बरे असतात, पण जवळून काढल्यामुळे पुढचा खांब जाडजूड दिसतो, मागचं छप्पर बारीक होतं आणि भिंती वर आत झुकतात. आकार मुंजीच्या फोटोतून आणि रंग मोबाइलच्या फोटोतून, ही वाटणी त्याला लिहूनच द्या.

आता मापं. घर गेलं तरी बरंच काही जागेवर उरलेलं असतं. जुन्या चिऱ्यांचा (जांभ्याच्या घडीव दगडांचा) गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, घातला असेल, जुनी कौलं मागच्या दाराशी रचून ठेवलेली असतील, तुळशीवृंदावन आणि विहीर बहुतेक तिथेच असेल, फणस असेल. गावातल्या कुणाला तरी टेप घेऊन जायला सांगा. एका चिऱ्याची उंची मोजून घ्या, मग मुंजीच्या फोटोत जोत्याचे आणि भिंतीचे थर मोजले की उंची निघते. फोटोत अण्णा किंवा काका खांबाशेजारी, खांबाच्याच ओळीत उभे असतील तर त्यांच्या उंचीवरून खांबाची उंची काढता येते. वृंदावनापासून जुन्या पायरीपर्यंतचं अंतर आणि विहीर घराच्या कुठल्या हाताला आहे हेही लिहून घ्या. कौलाचा एक फोटो पालथा करून काढा. मंगलोरी कौलावर बऱ्याचदा कारखान्याचा ठसा असतो, आणि घराला मंगलोरी कौलं होती की हाताने थापलेले नळे, हा प्रश्न तिथेच निकाली निघतो. छपराचा सगळा पोत त्यावर ठरतो. नळ्यांचं छप्पर मऊ, उंचसखल दिसतं, मंगलोरी कौलांच्या रांगा सरळ आणि रेखीव असतात.

हे सगळं काकांना सांगितल्याशिवाय होणार नाही, आणि होऊही नये. घर त्यांनी उतरवलं आहे. पंचाहत्तरीच्या कार्यक्रमात त्यांच्यासमोर अचानक त्या घराचं चित्र आलं तर आपल्याला सगळ्यांसमोर बोल लावला असं त्यांना वाटू शकतं, आणि अण्णांनाही ते अवघड होईल. आजच त्यांना फोन करा. घर उतरवताना प्रत्येक वासा त्यांच्या डोळ्यांखालून गेला आहे, किती खांब होते, पडवी किती हात रुंद होती हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसेल. चित्र त्यांच्या मदतीने झालं म्हणजे ते त्यांचंही होतं.

आईलाही सांगा. अण्णांच्या आठवणीतलं घर अंगणातून आणि पडवीतून दिसणारं असेल, तिचं माजघरातून आणि मागच्या दारातून. पडवीत झोपाळा कुठल्या टोकाला होता, कंदिलाचा खिळा कुठे होता, पायरीशी पाय धुवायला तांब्या-बादली कुठे ठेवत, हे ती न विचारता सांगेल. आत्या असतील तर त्यांनाही विचारा. गोठ्याची बाजू अशीच मिळवायची आहे. काका, आई आणि आत्या या तिघांना एकमेकांशी बोलू न देता घराचा नकाशा कागदावर काढायला सांगा. रेषा वाकड्या आल्या तरी चालतं. तिघांच्या नकाशांत जे जुळेल ते पक्कं धरा. जे जुळणार नाही ते चित्रात झाडाआड किंवा सावलीत जाईल असं बघा. न जुळलेली गोष्ट ठसठशीत काढून घेतली की अण्णांची नजर नेमकी तिथेच अडते. अण्णांना स्वतःला मात्र काही विचारू नका. खोटं निमित्त काढून विचारलं तर ते दोन मिनिटांत ओळखतील, आणि एवढी माणसं असताना त्याची गरजही नाही.

पुढचा निर्णय तुमचा एकटीचा आहे आणि सगळं चित्र त्यावर उभं राहणार आहे: घराकडे कुठून बघायचं? समोरून, बरोबर मधोमध उभं राहून काढलेलं घर शाळेच्या वहीतल्यासारखं सपाट दिसतं. बेड्यातून, म्हणजे आवाराच्या फाटकातून, आत शिरल्यावर घर जसं दिसायचं, थोडं कोपऱ्यातून, एक बाजू लांब आणि एक आखूड, तसं घ्या. त्या कोनात पडवीची खोली कळते, आणि उजेडातून सावलीत जाणारी तीच पडवी अण्णांच्या बोलण्यात येते. गोठा कुठल्या बाजूला आहे ते बघून कोन असा निवडा की ती बाजू आखूड दिसेल. माहिती कमी आहे तिथे चित्रही कमी बोललेलं बरं.

मग एकच ऋतू आणि एकच वेळ ठरवा. घराचं तोंड कुठल्या दिशेला होतं हे आधी लिहा. पूर्वेला असेल तर पडवीवर ऊन फक्त सकाळी येणार, संध्याकाळी उजेड घराच्या मागून येईल आणि पुढचा भाग सावलीत असेल. हे सांगितलं नाही तर चित्रकार त्याला आवडेल तिथून सूर्य आणतो. ऋतूंचंही तसंच आहे. श्रावणात कौलं काळपट आणि शेवाळलेली असतात, खळ्यात, म्हणजे अंगणात, गवत माजलेलं असतं. खळं चोपून, सारवून गुळगुळीत होतं ते पावसानंतर, भात कापणीच्या सुमाराला. वैशाखात कौलं चाळून, म्हणजे काढून पुन्हा नीट लावून, झालेली असतात, खळ्यावर मांडव असतो आणि त्याच्या झावळ्यांतून उन्हाचे कवडसे पडतात. सारवलेलं खळं, हिरवीगार शेतं आणि लाल लखलखीत कौलं एकाच चित्रात आली की कोकणात वाढलेल्या माणसाला काहीतरी खटकतं, भले काय खटकलं ते त्याला सांगता येत नसेल. अण्णा नोकरीसाठी बाहेर राहत असतील तर ते घरी कधी जायचे ते आठवा. मे महिन्यात जात असतील तर मे महिन्यातलं घर, गणपतीला जात असतील तर भाद्रपदातलं.

चित्रात माणसं भरू नका, हे आग्रहाने सांगतो. आजी वृंदावनाशी, आजोबा झोपाळ्यावर, कुत्रा पायरीवर, बैल गोठ्यात, असं प्रत्येक जण एकेक सुचवत जातो आणि घर हरवतं. शिवाय या आकारात चेहरा शेंगदाण्याएवढा येतो. तो ओळखू येत नाही आणि ‘ही काही आई वाटत नाही’ एवढंच ऐकायला मिळतं. माणसांऐवजी त्यांच्या वस्तू ठेवा. खुंटीवरची टोपी, पायरीशी काढलेल्या वहाणा, दोरीवर वाळत घातलेलं नऊवारी. यातली एक, फार तर दोन.

चित्रकार निवडताना त्याचं उत्तम चित्र बघू नका, घरांची चित्रं बघा. पाच-सहा घरं मागवा आणि त्यांत दोन गोष्टी तपासा: सगळी घरं एकाच साच्यातली दिसतात का, आणि छपराच्या कडेच्या रेषा लांबवल्या तर त्या नीट एका बिंदूकडे जातात का. पुण्यात निसर्गचित्रं आणि वाडे रंगवणारे जलरंगातले चित्रकार भरपूर आहेत, प्रदर्शनांतून त्यांची गाठ पडते. तुमच्या कामासाठी मात्र चिपळूणजवळच्या सावर्ड्याच्या सह्याद्री कला महाविद्यालयातून शिकून बाहेर पडलेल्यांमध्येही शोधा. जांभा, पाखाडी (दगडी पायवाट), गडगा, पडवी त्यांना समजावून सांगावी लागत नाही, आणि गरज पडली तर तुमच्या गावी जाऊन जागा बघून येणं त्यांना जवळ आहे.

पैशाचं असं करा. पंधरातले चार हजार फ्रेम, स्कॅन आणि प्रवासासाठी बाजूला काढा. उरलेल्या अकरा हजारांत नावाजलेला चित्रकार बसणार नाही, होतकरू चांगला बसू शकतो. आकार 15 बाय 22 इंच, म्हणजे जलरंगाच्या पूर्ण कागदाचा अर्धा, हा घरासाठी उत्तम. बजेटात बसत नसेल तर आकार 11 बाय 15 करा, पण कागद हलका करू देऊ नका. कागद शंभर टक्के कॉटनचा, 300 जीएसएमचा (चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा) हवा. साध्या ड्रॉइंगच्या कागदावर पाणी पडलं की तो लाटांसारखा फुगतो आणि काही वर्षांत पिवळा पडतो. रंग विद्यार्थ्यांच्या पेटीतले नकोत, आर्टिस्ट दर्जाचे हवेत. निम्मी रक्कम आगाऊ, निम्मी चित्र हातात आल्यावर, आणि किती वेळा बदल करून मिळतील हे आधीच ठरवून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

चित्रकाराला द्यायची चिठ्ठी एका पानाची असू द्या. ती अशी काहीशी असेल:

‘वैशाख महिना, सकाळचे साडेआठ. घराचं तोंड पूर्वेला. आपण बेड्याच्या आत उभे आहोत, घर थोडं उजवीकडे. जोतं चिऱ्याच्या तीन थरांचं, पायऱ्या चार. पडवीला लाकडी खांब पाच, डावीकडून दुसऱ्यावर कंदिलाचा खिळा. भिंत खालून गुडघ्याएवढी गेरूची, वर चुन्याची, चुना जागोजागी उडून चिरा दिसतो. छप्पर मंगलोरी कौलांचं, मधली सात-आठ कौलं नवी म्हणून जास्त लाल, त्यात एक काचेचं. वृंदावन पायरीपासून बारा फुटांवर, पांढरं. झोपाळा उजव्या टोकाला, अर्धा सावलीत. उजवीकडे गोठा, तो फणसाआड जाऊ दे. माड नको, आमच्या दारात माड नव्हता.’

यातलं शेवटचं वाक्य विसरू नका. काय नव्हतं हे लिहिलं नाही तर तेच नेमकं येऊन बसतं.

कामाचे टप्पे तीन: पेन्सिलीचं कच्चं रेखाटन, पोस्टकार्डाएवढा रंगाचा नमुना, मग मोठं चित्र. तुमचं सगळं लक्ष पहिल्या टप्प्यावर हवं. पेन्सिल खोडता येते, जलरंग खोडता येत नाही. या माध्यमात पांढरा रंग म्हणजे कोरा ठेवलेला कागद. पांढरं वृंदावन, उडालेला चुना, झावळ्यांतून पडलेले कवडसे या जागा चित्रकार आधीच वाचवून ठेवतो आणि भोवतीने रंगवतो. चित्र झाल्यावर ‘इथे वृंदावन राहिलं’ म्हणालात तर त्याला वरून जाड पांढरा रंग लावावा लागतो, तो खडूसारखा मेलेला दिसतो आणि बाकीच्या पारदर्शक रंगांत ठिगळासारखा उठून येतो. रेखाटन आलं की काका, आई आणि आत्या या तिघांना दाखवा. प्रत्येकाचं म्हणणं वेगवेगळं कळवू नका, सगळं एकत्र करून एकदाच कळवा. खांब मोजा, पायऱ्या मोजा, दार कुठल्या दोन खांबांमध्ये दिसतं ते बघा. त्यानंतर आकारात बदल सांगायचा नाही.

रंगाच्या नमुन्यात दोन गोष्टी विचारा. जांभ्याची चिंता नाही: जांभा लाल असतो तो त्यातल्या लोहाच्या ऑक्साइडमुळे, आणि चित्रकाराच्या पेटीतले गेरूसारखे मातकट तांबडे रंगही लोहाच्या ऑक्साइडचेच असतात. ते उजेडात विटत नाहीत. विटतात ती फुलं. बोगनवेलीसाठी सर्रास वापरला जाणारा ऑपेरा रोझ हा भडक गुलाबी रंग आणि जुना अलिझरिन क्रिमझन हे दोन्ही उजेडाने फिके होतात. भिंती जशाच्या तशा राहतात आणि दोन-चार वर्षांत बोगनवेलीचं फिकट झुडूप होतं. क्विनॅक्रिडोनचे किंवा पायरॉल जातीचे लाल-गुलाबी रंग वापरा एवढं सांगितलं की पुरे, जाणकार चित्रकाराला लगेच कळेल. शाईच्या रेषा असतील तर ती पिग्मेंटची, पाण्यात न उतरणारी शाई हवी.

पूर्ण झालेलं चित्र फोनवरच्या फोटोवरून नापसंत करू नका. फोन रंग बदलतो. शक्य असेल तर जाऊन, दिवसा, खिडकीच्या उजेडात बघा.

फ्रेम करण्याआधी ते स्कॅन करून घ्या, एकदा काचेत गेलं की चांगला स्कॅन होत नाही. काका आणि आत्यांसाठी कॉटनच्या कागदावर, पिग्मेंट शाईने प्रत काढा. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याचा असतो. तरीही प्रती काढणार आहोत हे चित्रकाराला सुरुवातीलाच सांगा. त्याची सही कापली जाणार नाही हे बघा. कलम 57 मध्ये चित्रावर चित्रकार म्हणून आपलं नाव असण्याचा हक्क त्याच्याकडेच ठेवला आहे.

फ्रेमवाला चित्र बिघडवतो ते बहुतेक चांगल्या मनाने. चित्र सपाट बसावं म्हणून तो ते मागून गोंदाने पूर्ण चिकटवतो किंवा चारही बाजूंनी सेलोटेप लावतो. पावसाळ्यात कागद हवेतला ओलावा घेऊन पसरतो, चारही बाजूंनी जखडलेला असला की मध्ये फुगतो. सेलोटेपचा डिंक पिवळा होऊन कागदात उतरतो तो वेगळाच. त्याला सांगा: चित्र फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी, आम्लरहित कागदी टेपने टांगायचं, खालची बाजू मोकळी. भोवती आम्लरहित माउंट (पुठ्ठ्याची चौकट), अडीच-तीन इंचांचं, म्हणजे काच चित्राला टेकणार नाही. टेकली तर दमट हवेत रंग काचेला चिकटतात आणि बुरशी तिथूनच सुरू होते. मागे हार्डबोर्ड नको, तो ओलावा धरतो. सनबोर्ड (प्लास्टिक फोमचा हलका बोर्ड) लावा आणि फ्रेम व सनबोर्डमधली फट कागदी टेपने पूर्ण बंद करा, कसर (कागद खाणारी कीड) तिथूनच आत शिरते. पट्टी सागाची किंवा सिंथेटिक, म्हणजे वाळवीची भीती कमी. खालच्या दोन कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावले की भिंत आणि फ्रेम यांच्यात हवा खेळते. 15 बाय 22 चं चित्र असं बांधलं की बाहेरून साधारण 22 बाय 29 इंच होतं. तेवढी भिंत आहे का ते आधी मोजा.

चित्र गावच्या घरी लागणार असेल तर पावसाचा मारा बसतो त्या बाहेरच्या भिंतीवर नको, आतल्या भिंतीवर लावा. थेट ऊन कुठेच नको. अण्णा जिथे रोज बसतात तिथून, बसलेल्या नजरेच्या उंचीला चित्राचा मध्य येऊ द्या. पंचाहत्तरीच्या डोळ्यांना काचेतली ट्यूबलाइटची चकाकी फार त्रास देते, म्हणून चकाकी नसलेली काच घ्या. ती थोडी महाग पडते, पण अण्णांना चित्र दिसावं यासाठीच हा खर्च आहे.

सात आठवड्यांचा हिशोब असा बसेल: दहा दिवस फोटो, मापं, नकाशे आणि सोबतच चित्रकारांनी काढलेली घरांची चित्रं बघणं, पुढच्या चार-पाच दिवसांत चित्रकार आणि आगाऊ रक्कम, तिसऱ्या आठवड्यात रेखाटन, चौथ्या-पाचव्यात चित्र, सहाव्यात स्कॅन आणि फ्रेम, सातवा मोकळा. मध्ये दिवाळी येत असेल तर फ्रेमवाल्याला आत्ताच सांगून ठेवा, तेव्हा त्यांच्याकडे कामांची रांग असते आणि मग चार दिवस दुकान बंद. चित्र दुसऱ्या गावाहून येणार असेल तर फ्रेम तिथे करू नका. दोन सनबोर्डांमध्ये सपाट बांधून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून कुणाच्या तरी हातून आणा आणि फ्रेम चिंचवडला करा. काच प्रवासात फुटली की तुकडे चित्रच खरवडतात.

हुबेहूब होईल का, असं विचारलंत. नाही होणार. पण पडवीची खोली, उजेडाची दिशा आणि पायऱ्यांची संख्या बरोबर आली तर अण्णा बाकीचं स्वतः बघून घेतील.

चित्र देताना स्टेजवर, शंभर माणसांसमोर कागद फाडून देऊ नका. त्यांना बघायला वेळ मिळणार नाही आणि काय वाटलं ते चेहऱ्यावर येऊ देता येणार नाही. त्या दिवशी सकाळी, औक्षणाच्या आधी, घरातली माणसं असताना, खिडकीजवळ त्यांना बसवून हातात द्या. काकांना शेजारी बसवा. थोड्या वेळाने अण्णा चुका दाखवायला लागतील: हा खांब जरा अलीकडे हवा, इथे उखळ होतं. बचाव करू नका, वही घेऊन बसा आणि म्हणतील ते सगळं लिहून घ्या.

त्यासाठी फ्रेमवाल्याकडून पाठीमागे एक मोठं पाकीट आधीच चिकटवून घ्या, बाजूने उघडणारं, सनबोर्डवर, चित्राला न टेकणारं. त्यात तिघांचे नकाशे, मुंजीच्या फोटोची प्रत आणि चित्रकाराला दिलेली चिठ्ठी ठेवा. बाहेरून पिग्मेंट शाईच्या पेनाने घराचं गाव, वाडी, घर कधी बांधलं आणि कधी उतरवलं, चित्रकाराचं नाव आणि चित्र दिल्याची तारीख लिहा. वहीतली ती पानंही संध्याकाळी फाडून त्यातच घाला.